मदत हवी आहे: जुळ्या मुलींचे स्वभाव अदलाबदल झाल्यासारखे का वाटताहेत?

मंडळी, माझ्या जुळ्या मुली साडेदहा महिन्यांच्या आहेत. पस्तिसाव्या आठवड्यात झाल्या, म्हणजे सुधारित वय (प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं) धरलं तर जेमतेम सव्वानऊ. दिसायला हुबेहूब. इथे थोरली आणि धाकटी म्हणते. अंतर चार मिनिटांचं.

पहिले सहा-सात महिने घरात वाटणी ठरलेली होती. थोरली गुणी बाळ. कुणाच्याही कडेवर जायची, पंख्याकडे बघत एकटी पडून राहायची. धाकटी रडूबाई. अंगाला पाणी लागलं की भोकाड, झबलं डोक्यावरून काढताना तर लालबुंद व्हायची.

गेल्या पाच-सहा आठवड्यांत सगळं उलटं झालंय. दाराची कडी वाजली की थोरली हातातलं टाकून माझ्या पायाला चिकटते. मी अंघोळीला गेले की बाहेर टाहो. ज्या आजोबांच्या खांद्यावर महिनोन्महिने झोपली, त्यांना बघून आता तिचा ओठ थरथरायला लागतो. बिचारे हिरमुसतात. आणि धाकटी? रांगायला लागली आणि वेगळीच पोर झाली. टबात दोन्ही हातांनी पाण्यावर चापट्या मारते, तोंडावर पाणी उडालं की क्षणभर श्वास रोखून माझ्याकडे बघते, आणि परत मारते.

सांगायला लाज वाटते, पण सुरुवातीला ओळखू याव्यात म्हणून थोरलीच्या पायाच्या अंगठ्याला नेलपेंट लावायचो. एकदा ते पुसलं गेलं होतं. नवरा परवा गमतीने म्हणाला, तेव्हाच अदलाबदल झाली असणार. मी हसले, आणि मध्यरात्री मोबाईलच्या उजेडात थोरलीच्या मानेवरची जन्मखूण बघून आले. खूण जागेवर आहे.

तर, स्वभाव असे पालटतात का? डॉक्टरांना दाखवायला हवं का? आणि जे खरं टोचतंय ते: थोरली रडत नाही म्हणून तिला खाली ठेवून आम्ही सतत धाकटीला घेत आलो. ती आता थकबाकी वसूल करतेय का?

प्रतिसाद १
ताई, माझे जुळे मुलगे पाच वर्षांचे आहेत. पहिल्या दोन वर्षांत आमच्याकडे ही अदलाबदल तीनदा झाली. एक धीट झाला की दुसरा मागे सरायचा, जणू दोघांत मिळून धीटपणा एकच होता. जन्मखूण मीही तपासलीय, लाजू नका.

प्रतिसाद २
मी बालविकासाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून जरा लांब लिहिते.

थोरलीचं जे वर्णन केलंय ते या वयाला अगदी साजेसं आहे. आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी असतेच, हे बाळाला साधारण आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास पक्कं कळायला लागतं. मग ती गेली हेही कळतं, आणि परत कधी येणार हे मात्र कळत नाही. म्हणून कडीचा आवाज. ओळखीच्या माणसांनाही नाकारणं त्यातलंच. हे दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सहसा जास्त असतं, पुढे ओसरतं. धाकटीचीही ही पाळी येईल. हुबेहूब जुळ्यांची जनुकं सारखी असली, तरी प्रत्येक टप्पा दोघी एकाच आठवड्यात गाठतील असं नाही. तिला सध्या रांगता येतंय, हवं तिथे स्वतः पोचता येतंय, म्हणून रडण्याची कारणंच कमी झालीत.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून बाळांच्या उपजत स्वभावाचा दीर्घ अभ्यास केला. त्यांनी ९ पैलू मांडले: हालचाल, नव्या गोष्टीकडे जाणं की मागे सरणं, जुळवून घेणं वगैरे. ‘सोपं’, ‘अवघड’ आणि ‘हळूहळू रुळणारं’ असे तीन गट केले, तरी सुमारे ३५ टक्के मुलं त्यांपैकी कशातच बसली नाहीत. तुम्ही सहा महिन्यांत दोघींना एकेक खण देऊन टाकलात, इतकंच.

थकबाकीबद्दल: नाही हो. शांत बाळाला खाली ठेवल्याने ते असं सूड उगवत नाही. पण ती मागत नसतानाही तिला उचला, ते तुमच्यासाठीही बरं. खोलीतून जाताना गुपचूप सटकू नका, सांगून जा. आजोबांना म्हणावं, हात पुढे करू नका. जमिनीवर बसा, तिच्याकडे न बघता काहीतरी खुडबुडत राहा.

टप्पे दोन वर्षांपर्यंत सुधारित वयानेच मोजा. मात्र येत असलेली गोष्ट गेली, म्हणजे बडबड थांबली, नजर मिळेनाशी झाली, हसू हरवलं, तर वय न मोजता लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.

धागाकर्ती
खूप आभार. बडबड, नजर, हसू दोघींचं जागेवर आहे, नावाला वळतातही. तरी पुढच्या लसीच्या वेळी विचारेनच.

आजोबांनी काल सल्ला तंतोतंत पाळला. पाठ करून बसले आणि चष्म्याचं घर उघड-बंद करत राहिले. थोरली दहा मिनिटं माझ्या मांडीवरून नुसती बघत होती. मग उतरली, सरपटत गेली आणि घर हिसकावून परत आली. आजोबा एवढ्यावरच खूश.

धाकटी मात्र आज टब बघूनच रडली. नेलपेंट शोधतेय.