टोमॅटोतल्या कटवर्मच्या डोक्यामागे पांढरे ठिपके, अळी मारायची का ठेवायची?

शिरोळ_भाजीपाला: नव्या लागणीतली रोपं जमिनीलगत कुरतडून पडताहेत. बुडाची माती उकरली की काळपट अळी वेटोळं करून सापडते. काहींच्या डोक्यामागे कणीएवढे पांढरे ठिपके घट्ट चिकटलेत. रोग आहे का? ट्रायकोकार्ड (मित्रकिडीचं कार्ड) लावू का?

करवीरकर: रोग नव्हे दादा, ती बहुतेक टॅकिनिड माशीची अंडी. त्यातली पिल्लं अळीच्या अंगात शिरून तिला आतून खातात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अंडी फुटायच्या आत अळीनं कात टाकली तर ती कातीबरोबरच जातात, अळी वाचते. आणि पिल्लं आत शिरली तरी अळी लगेच खायची थांबत नाही. म्हणून ठिपकेवाल्या अळ्या वेचून डब्यात ठेवा: खाली चार बोटं ओलसर माती, वर पाला, तोंडाला मलमल. एका डब्यात थोड्याच ठेवा, त्या एकमेकींना खातात. नंतर कोष नीट बघा. दोन्ही टोकं गोल, पिंपासारखा असेल तर माशीचा, तो शेतात सोडा. एका टोकाला निमुळता असेल तर पतंगाचा, चिरडा.

कागल_मित्रकीड: ट्रायकोकार्ड आता नको. त्यातला ट्रायकोग्रामा हा बारीक मित्रकीटक फक्त पतंगाच्या अंड्यात शिरतो, मोठ्या अळीला काही करत नाही. संध्याकाळी सरीत गवताचे छोटे ढीग टाका, सकाळी खालच्या अळ्या वेचा. बांधावर कोथिंबीर, बडीशेप फुलू द्या, माशांना मध मिळतो.

शिरोळ_भाजीपाला: अळीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर?

करवीरकर: ते बहुतेक कोटेशिया गटातल्या, अळीला आतून खाणाऱ्या बारीक गांधीलमाशीचे कोष असतात. हात लावू नका, फवारणीही थांबवा.