मदत हवी आहे: वॉचमनने चोर पकडला, पोलीस वॉचमनच्याच मागे

डोंबिवलीकर_बी२
सोसायटीचा सेक्रेटरी आहे. परवा रात्री पार्किंगमधून सायकल नेताना वॉचमनने चोर रंगेहाथ पकडला. आता चोराची आई तक्रार देऊन मोकळी आणि पोलीस वॉचमनला बोलावतायत, मलाही. वॉचमनला चोर पकडायचा अधिकार आहे की नाही? हो की नाही एवढंच सांगा, आठला कमिटी मीटिंग आहे.

रानवारा
पकडला म्हणजे नक्की काय केलं? मारलं का? पोलिसांना कधी कळवलं?

डोंबिवलीकर_बी२
चोराला चहा पाजायचा का? दोन-चार पडल्या असतील. मीटर रूममध्ये बसवला, सकाळी पोलिसांना दिला.

पेणचा_गणू
सीसीटीव्ही लावा हो. आमच्याकडे लावल्यापासून एक चप्पल गेली नाही.

काळाकोट
'हो-नाही'त उत्तर नाही. गार्डला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त अधिकार नसतो, गणवेशाने तो वाढत नाही. नागरिक सुरक्षा संहिता (अटक-तपास कसा करायचा ते सांगणारा कायदा) कलम ४०: डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडला तरच सामान्य माणूस अटक करू शकतो, आणि विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त ६ तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. किती वाजता पकडला, किती वाजता दिला? सायकल केवढ्याची?

माजी_सुभेदार
वकीलसाहेब अर्धंच सांगतायत. अटकेला जोर लावून विरोध केला तर लागेल ते सगळं करता येतं, कलम ४३ वाचा. मी गार्डना ट्रेनिंग देतो, हेच शिकवतो.

काळाकोट
विरोध करत असेल तोवर. मीटर रूममध्ये बसवलेला कसला विरोध करतोय? कलम ४६ म्हणतं, निसटू नये इतकाच अटकाव.

माजी_सुभेदार
मालमत्तेच्या बचावाचा हक्क कुठे गेला मग?

काळाकोट
सायकल हातात परत आली तिथे संपला. न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) कलम ४३. (वरचं ४३ सुरक्षा संहितेचं. दोन्हीकडे हाच आकडा, आम्हीही गोंधळतो.)

डोंबिवलीकर_बी२
दोनला पकडला, पोलीस साडेआठला आले. रात्री कोण फोन उचलतं? सायकल जुनी आहे, तीन-साडेतीन हजार.

काळाकोट
म्हणजे साडेसहा तास. शिवाय ५,००० च्या आतली चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र, मग कलम ४० चा आधारच डळमळला.

रानवारा
पण इमारतीतली चोरी न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये जाते ना? ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

काळाकोट
जाऊ शकते. पार्किंग स्टिल्टखाली (इमारतीच्या खांबांमध्ये) आहे की कंपाउंडमध्ये उघड्यावर?

पेणचा_गणू
अवांतर: आमच्या पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या गाड्यांचे पैसे घ्यावेत का?

मोगरा
एक मिनिट. तक्रार आईने का दिली? चोराचं वय काय?

डोंबिवलीकर_बी२
सोळा-सतरा असेल. पण तगडा आहे. मनगट मोडलंय म्हणे, आईचं नाटक असणार.

काळाकोट
हे आधी सांगायचं हो! हाड मोडलं की गंभीर दुखापत, दोन-चार फटके नव्हे. वर डांबून ठेवल्याचं वेगळं कलम. मुलगा अल्पवयीन निघाला तर बाल न्याय कायदाही आला. वॉचमनला आजच वकील द्या, त्याला एकट्याला चौकीवर पाठवू नका. मीटर रूममध्ये बसवायला कुणी सांगितलं, हा प्रश्न तुम्हाला येणार. फुटेज पुसू नका. आणि मीटिंगच्या इतिवृत्तात 'चोराला धडा शिकवला' असलं काही लिहू नका.

माजी_सुभेदार
गार्ड एजन्सीचा की सोसायटीचा? एजन्सीचा असेल तर खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना आणि ट्रेनिंगचा दाखला मागा. १०० तास वर्गात, ६० तास मैदानावर, हा नियम आहे.

डोंबिवलीकर_बी२
एजन्सी नाही, मेंबरच्या ओळखीतला आहे. सुभेदारसाहेब, तुमच्याकडे दोन गार्ड मिळतील का? मीटिंगला निघतोय.

पेणचा_गणू
कॅमेऱ्याचं कोटेशन व्यनि (खासगी निरोप) करू का?