मदत हवी आहे: सपाट तळाच्या लो-प्रेशर टाकीचं अपलिफ्ट (आतल्या दाबाने वर उचललं जाणं)

नमस्कार मंडळी. एपीआय ६२० (कमी दाबाच्या टाक्यांचं अमेरिकन मानक) नुसार टाकी: व्यास १२ मी., पाणी १० मी., गॅसचा दाब ३० केपीए. तळाच्या कोर्सला (शेलच्या, म्हणजे उभ्या भिंतीच्या, सर्वांत खालच्या प्लेट-कड्याला) एकूण दाब १२८ केपीए, म्हणजे गुणिले त्रिज्या करून परिघाच्या दिशेने ओढ ७६९ न्यूटन/मिमी. अनुज्ञेय ताण ११० एमपीए, जॉइंट एफिशियन्सी (वेल्ड-जोडाची प्लेटच्या तुलनेत धरलेली ताकद) ०.८५ धरून जाडी ८.२ मिमी, गंजासाठी २ मिमी मिळवून १०.२. म्हणून १२ मिमी प्लेट. इथवर ठीक.

खरी अडचण अँकरची (टाकी पायाला बांधणाऱ्या बोल्टची). छपरावर वर ढकलणारा जोर ३३९३ किलोन्यूटन, शेल-छपराचं वजन जेमतेम ३४०. तळ लवचीक, कडेला उचलला जातो, म्हणून पाण्याचं वजन मी धरलेलं नाही. बरोबर ना? गॅसच्या दाबाच्या १.२५ पट दाबाने हवेची चाचणी घेताना त्यासोबत वारा पूर्ण घ्यायचा की कमी? आणि बोल्ट-चेअरपाशी (अँकर बोल्ट अडकवायला शेलला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटपाशी) शेल वाकण्याचा ताण कसा तपासता?