गाडीच्या प्लेअरमध्ये स्टिकरवाली सीडी अडकली आहे, कशी काढावी?

हॅचबॅक_२०१०
गाडीबरोबर आलेला प्लेअर आहे. घरी राइट केलेली, वर कागदी स्टिकर असलेली सीडी आत अडकली. इजेक्ट दाबलं की मोटरचा आवाज येतो, खाचेत कड दिसते आणि सीडी परत आत जाते. चिमट्याने ओढू का? की बॅटरीची वायर काढून बघू?

रोलर_गिअर
चिमटा नको. रोलरचं रबर फाटेल, नाहीतर सीडीचा तुकडा पडून लेन्सवर जाईल.

कड दिसतेय हे चांगलं लक्षण आहे. म्हणजे मधल्या क्लॅम्पने सीडी सोडली आहे, फक्त रबरी रोलरची पकड घसरतेय. उन्हात गोंद मऊ होतो, स्टिकरची कड उचलते आणि खाचेच्या मखमली पट्टीत अडकते. सीडी पुरती बाहेर आली नाही की प्लेअर तिला परत आत घेतो.

गाडी अर्धा तास सावलीत ठेवा, गोंद जरा आवळेल. मग इंजिन चालू करा, कारण बॅटरी उतरलेली असली तर मोटरला जोर मिळत नाही. प्लास्टिकच्या फाइल कव्हरची दोन सेंटिमीटर रुंद, गुळगुळीत पट्टी कापा. ती सीडीच्या वरून, स्टिकर आणि मखमल यांच्या मधे, जेमतेम दोन सेंटिमीटर सरकवा. दुसऱ्याला इजेक्ट दाबायला सांगा आणि पट्टीने सीडी हलकेच खाली दाबा. बहुतेक प्लेअरमध्ये रोलर खालून असतो, त्यामुळे त्याला पकड मिळते. सेंटिमीटरभर कड बाहेर आली की लगेच चावी बंद करा, नाहीतर सीडी परत आत जाईल. मग दोन्ही हातांनी सरळ ओढा. तिरकी ओढू नका.

पट्टीला दुहेरी टेप लावून ओढायचा उपाय इथे चालणार नाही. टेप कागदालाच चिकटेल आणि स्टिकर सोलून निघेल.

तांब्याची_तार
बॅटरीची वायर काढण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे का बघा. काही सेट वीज तुटली की कोड मागतात. तुमच्याकडे मोटर फिरतेय, म्हणजे वीज पोहोचतेय. वायर काढून उपयोग नाही. बटण दाबून काहीच आवाज आला नसता, तर आधी फ्यूज बघायला सांगितला असता.

हॅचबॅक_२०१०
निघाली! पण स्टिकरचा अर्धा कागद आतच राहिलाय. दुसरी सीडी घालून बघू?

रोलर_गिअर
अजिबात नको, तीही अडकेल. आता सेट उघडावाच लागेल. कोड मिळवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, भोवतीची प्लास्टिकची पट्टी अलगद काढा, मागचे स्क्रू काढून सेट बाहेर घ्या. मागच्या कनेक्टरची लॉक दाबूनच सोडा, वायरी ओढू नका. वरचं झाकण काढलं की आतली यंत्रणा स्प्रिंगांवर तरंगताना दिसेल. तिच्यावर जोर देऊ नका. कागद प्लास्टिकच्या चिमट्याने उचला. इथे चिमटा चालतो, कारण आत काय आहे ते दिसतं. रोलर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फिरवत पुसा. काडी काळी यायची थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. पेट्रोल किंवा गंज सोडवायचा स्प्रे लावलात तर रबर फुगतं आणि रोलर कायमचा घसरू लागतो. लेन्सला बोट लावू नका.

तांब्याची_तार
पुढच्या सीड्यांवर स्टिकर नको. सीडीवर लिहायच्या मार्करने लिहा.