मदत हवी आहे : चांदीच्या जुन्या रुपयांवरचा रंग आपसूक आलेला की चढवलेला?

रुपेरी :
नमस्कार मंडळी. आजीच्या वेळचे चांदीचे रुपये मामांनी माझ्याकडे सोपवलेत आणि त्यांच्या जोडीला आणखी एक रुपया विकत घ्यायचा विचार आहे. विक्रेत्याला या आठवड्यात उत्तर द्यायचंय, म्हणून जरा घाई आहे.

आधी विकतच्या नाण्याबद्दल. पंचम जॉर्ज, १९१८, मुंबई टांकसाळ. मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली मुंबईची खूण असलेला ठिपका आहे. राजाच्या गालापासून मुकुटापर्यंत गडद जांभळा आणि पुढे मोरपिशी निळा. हा निळा संपतो तिथे एकदम पांढरी चांदी सुरू होते, मधे पिवळी-तांबूस छटा कुठेच नाही. नाणं पिढ्यान्‌पिढ्या कागदाच्या पुडीत होतं म्हणून असा रंग आला, असं विक्रेता सांगतो. एरवीच्या १९१८ च्या रुपयाच्या कित्येक पट किंमत सांगतोय. हे साल काही दुर्मीळ नाही, म्हणजे जास्तीचे पैसे निव्वळ रंगाचेच.

घरच्यांतली दोन नाणी मला जास्त छळतात. एक १८६२ चा राणीछाप. तो कधीतरी हारात ओवलेला होता. कडेला वरच्या बाजूला कडीचा डाख आहे आणि त्याभोवती करडा-तपकिरी पट्टा. दुसरा सातव्या एडवर्डचा, १९०७ चा. हा देवघरातला. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला पंचामृत, हळदकुंकू, आणि आदल्या दिवशी रांगोळीने घासून लख्ख. अक्षरांच्या कोपऱ्यात काळं राहिलंय, मोकळी जागा मात्र पांढरीशुभ्र. सोनार म्हणतो, दोन्ही उजळून देतो, डाखही काढून देतो. देऊ का? की आहे तसंच ठेवू?

टांकसाळ :
रुपेरीताई, घरची दोन्ही नाणी सोनाराकडे देऊ नका. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकी सगळं नंतरही समजून घेता येईल, पण एकदा उजळलेलं नाणं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

आता रंगाचं. हवेतल्या, कागदातल्या गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. तो निळा-जांभळा नसतोच. थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि आपल्याला रंग दिसतात, पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तसे. थर जाड होत गेला की रंग ठरलेल्या क्रमाने बदलतात : फिकट पिवळा, मग तांबूस-किरमिजी, मग जांभळा, निळा. त्याहून जाड झाला की पुन्हा पिवळ्या-किरमिजी छटा, हिरवा, आणि सरतेशेवटी काळा. म्हणून निळा आणि पांढरा यांच्या मधे पिवळ्या-तांबड्याची बारीकशी का होईना किनार असायला हवी. तुमच्या वर्णनात ती नाही. मला तिथेच शंका येते.

पण निव्वळ क्रमावर विसंबू नका. गंधकाची वाफ किंवा रसायन देऊन रंग चढवणारेही तोच सल्फाइडचा थर बनवतात, त्यामुळे हुशार माणसाने केलेलं काम क्रमही बरोबर दाखवतं. खरी परीक्षा रंगाखालच्या चांदीची. खोलीत एकच दिवा ठेवा, नाणं कडेने धरा आणि सावकाश फिरवा. ठोकताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो, त्यातून नव्या नाण्यावर जी झळाळी येते तिचे पट्टे नाण्याबरोबर फिरतात. न घासलेल्या नाण्यावर रंग जुना असला तर हे पट्टे रंगाखालूनही फिरताना दिसतात. रंग निपचित, रंगवल्यासारखा वाटला तर खालची झळाळी आधीच गेलेली आहे.

मग दहापट भिंग घ्या आणि केसासारखे ओरखडे शोधा. ओरखडा रंगाच्या आरपार पांढरा चमकत असेल तर तो रंगानंतर पडलाय. ओरखड्याच्या आतही तोच जांभळा भरलेला असेल तर नाणं आधी घासलं गेलं आणि रंग मागाहून आला. समांतर ओरखड्यांचे झुबके आणि त्यांत भरलेला भडक रंग, हे दोन्ही एकत्र दिसलं की मी नाणं खाली ठेवतो. घासल्याच्या खुणा लपवायलाच पुष्कळदा रंग चढवलेला असतो. विक्रेत्याकडून फोटो मागू नका, फोटोत रंग वाढवता येतात. शेजारी पांढरा कागद ठेवून फिरत्या नाण्याचा व्हिडिओ मागा.

आता तुमचा १८६२ वाला. या रुपयात ९१.७ टक्के चांदी, उरलेलं तांबं. डाख देताना धातू तापतो, तांब्याचं ऑक्साइड होतं, तो करडा-तपकिरी पट्टा त्याचाच. डाख काढायचा म्हणजे पुन्हा ताप, मग तेजाब, मग पॉलिश, आणि कडेच्या रेघांवरून कानस. संग्राहकाच्या लेखी नाणं तरीही सदोषच राहतं, उलट तुमच्या घरातला हार त्यावरून पुसला जातो. वजन मात्र करून ठेवा. टांकसाळीतून निघताना रुपया ११.६६ ग्रॅमचा असे. झिजलेल्या नाण्याचं वजन त्याहून किंचित कमी भरतं. जास्त भरलं तर तो डाखाचा भार. १८६२ हे साल १८७४ पर्यंत नाण्यांवर तसंच ठेवलं होतं, तेव्हा मागच्या बाजूचे ठिपकेही मोजा, नाणं खरं कोणत्या वर्षी पाडलं त्याचा अंदाज त्यांवरून येतो.

एडवर्डबद्दल जिवापासून सांगतो : पूजा थांबवू नका, रांगोळी थांबवा. कोपऱ्यातला काळा थर राहू द्या, तो चांदीचं काही बिघडवत नाही. पंचामृतानंतर साध्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या. पुसू नका.

सागरवेळ :
एक भर घालते. विक्रेता "अमेरिकेत पाठवून ग्रेडिंग करून देतो" म्हणाला तर जपून. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय नाण्यांना श्रेणी देणाऱ्या तिथल्या कंपन्या, पीसीजीएस काय किंवा एनजीसी काय, चढवलेल्या रंगाच्या नाण्याला साधी श्रेणी देत नाहीत.

आणि डब्यात रबरबँड असेल तर आजच काढा. रबरात गंधक असतं, नाण्यावर आडवा काळा पट्टा उमटतो. आमच्याकडे कोकणच्या दमटपणात तर फार लवकर.

रुपेरी :
दोघांचेही मनापासून आभार. व्हिडिओ मागवला. गालावर एकाच दिशेचे ओरखडे आहेत आणि सगळे जांभळ्याने भरलेले. झळाळीचा पट्टा कुठेच फिरत नाही. विक्रेत्याला नको म्हणून कळवलं.

रबरबँड नव्हता, पण काही नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात होती. त्यातल्या दोन रुपयांवर हिरवट चिकट थर आलाय. त्याचं काय करू?

टांकसाळ :
तो पीव्हीसीचा, म्हणजे पाकिटाच्या मऊ प्लास्टिकचा. पाकिटं फेकून द्या. नाणी शुद्ध अॅसिटोनमध्ये काचेच्या वाटीत बुडवा, काही मिनिटांनी ताज्या अॅसिटोनमध्ये पुन्हा, आणि न पुसता वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी, जवळ ज्योत नको. सल्फाइडचा रंग अॅसिटोनने जात नाही, त्यामुळे घाबरू नका. हिरव्याखाली चांदी खडबडीत झालेली दिसली तर ती जागा तशीच सोडा, खरवडू नका.