मुंबई–लंडन : अंतर एकच, मग परतीला वेळ कमी का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) : डिसेंबरात लेकीकडे लंडनला जायचे आहे. अंतर दोन्ही वेळा सुमारे ७,२०० किलोमीटरच असताना परतीचा विमानप्रवास कमी वेळाचा का असतो?

उत्तर १ : उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात, म्हणून हा फरक पडतो. तिकिटावरच्या वेळा मात्र स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, तेवढे धरूनच हिशेब करावा.

उत्तर २ : कोल्हापूर ते मुंबई हे रस्त्याने जवळजवळ पावणेचारशे किलोमीटर होतात आणि आमची खरी दमणूक तिथेच झाली, त्यामुळे आदल्या दिवशीच निघावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. साडेपाच तास धरायचे माझ्याकडून राहिलेच होते.