कार्टूनच्या डबिंगमध्ये शिरायचंय, मिरज सोडू का?

मिरजेचा_बोका
नमस्कार मंडळी. वय २४, बी.कॉम. झालंय, सध्या मामांच्या मेडिकलच्या दुकानात बसतो. कॉलेजात एकांकिका केल्या, मिमिक्रीची दोन बक्षिसं आहेत. डोरेमॉन आणि निंजा हातोडी हुबेहूब काढतो असं मित्र म्हणतात. डबिंगवर पोट भरतं का? अंधेरीत एक क्लास आहे. तीन महिन्यांचे साठ हजार मागतात आणि 'काम मिळवून देऊ' म्हणतात. भरू का?

ठाकुर्ली_स्लो
भरू नकोस. काम मिळवून देण्याची हमी इथे कुणीच देऊ शकत नाही.

मी १७ वर्षं डबिंग करते, बरंचसं हिंदी, थोडं मराठी. माझं वय ४३, पडद्यावर मात्र अजून आठ वर्षांचा मुलगा. मुलग्यांचे आवाज बहुतेक बायकाच देतात, कारण खरा मुलगा घेतला तर त्याचा आवाज मालिका संपायच्या आत फुटतो. जपानमध्ये मासाको नोझावा १९८६ पासून 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू करतायत, त्यांचा जन्म १९३६ चा! आणि तू म्हणतोस ते दोन्ही हिंदी आवाज बायकांचेच, डोरेमॉन सोनल कौशलचा, हातोडी आपल्या मेघना एरंडेचा. तेव्हा ही नक्कल मित्रांसाठी ठेव. जी जागा भरलेली आहे तिची नक्कल ऐकून कुणी काम देत नाही.

खरं काम वेगळंच असतं. परवाचंच सांगते. पोरगं जिन्यावरून गडगडत खाली येतं, चाळीसएक सेकंद एकही वाक्य नाही, नुसतं 'आ', 'उफ्', 'हं'. आम्ही याला रिअ‍ॅक्शन म्हणतो. पाच टेक झाले. काचेपलीकडून इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, पडताय, पण लागत नाहीये." सहाव्या टेकला स्वतःच्याच मांडीवर गुद्दे घातले, तेव्हा ओके झालं. घरी आल्यावर बघते तर मांडी काळीनिळी. (आणि हो, स्टुडिओत बांगड्या नकोत, सळसळणारे कपडे नकोत, आणि उपाशीपोटी तर अजिबात नको. माइकला पोटातली गुरगुर आधी ऐकू येते.)

जपानी मालिकांचं एक बरं असतं. त्यांचं क्रियापदही आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे पात्र जिथे ठासून बोलतं तिथेच आपलाही जोर पडतो. तोंडंही दोन-तीन चित्रांत उघडमीट करतात, म्हणून सुरुवात, शेवट आणि मधला पॉज सांभाळला की बरंच जमतं. इंग्रजी थ्रीडीत मात्र प-ब-मला ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत, तिथे घाम फुटतो.

तुझी पहिली अडचण हिंदीची असेल. 'ज्ञान'चं 'ग्यान' कर. 'चमचा'मधला आपला च तिकडे चालत नाही. माझी पहिली दोन वर्षं क्राउडमध्ये, म्हणजे गर्दीच्या आवाजांत, 'भागो, भागो' ओरडण्यात गेली, आणि त्यातही एकदा 'भागो'ला मराठी हेल लागला म्हणून ओरडा खाल्ला.

पैशाचं म्हणशील तर, एपिसोडवर नाहीतर तासावर मिळतात, आणि तेही बिल दिल्यावर दोन महिन्यांनी म्हणत म्हणत चार महिन्यांनी. एका स्टुडिओने माझे पैसे बुडवलेच. एकदा तर मालिकेचा नवा सीझन आला आणि भाचीचा फोन, "मावशी, तुला सर्दी झालीय का? आवाज वेगळाच येतोय." तो आवाज माझा नव्हताच. मला कुणी कळवलंही नव्हतं.

दुकान लगेच सोडू नकोस. सहा महिन्यांचा खर्च साठव, मग ये.

कन्सोलवाला
ताईंशी सहमत. नमुना पाठवताना मिमिक्री अजिबात नको. स्वतःच्या आवाजात दोन मिनिटं, त्यात एक म्हातारा, एक खलनायक, एक साधा तरुण. संगीत लावू नका, आम्हाला आवाज ऐकायचा असतो. घरी गोधड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड केलं तरी चालेल. आणि काम मिळालंच तर सही करण्याआधी करारात एआयबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आवाज एका मालिकेसाठी द्यायचा, कायमचा नाही. असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स ऑफ इंडिया आहे, तिथे जरूर चौकशी करा.

रविवार_सकाळ
अवांतर: १९९३ साली दूरदर्शनवर जंगल बुक लागायचं, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. ते कार्टून मूळचं जपानी, हे मला पस्तिशीत कळलं! २०१६ च्या सिनेमाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखान नानाच. आमची आजी त्या आवाजाला घाबरून टीव्हीकडे पाठ करून बसायची.

मिरजेचा_बोका
ताई, साठ हजार वाचवलेत. काल रात्री कपाटात डोकं घालून 'ज्ञान, विज्ञान' चाळीसदा म्हटलं. आईला वाटलं पोराचं डोकं फिरलं. रेकॉर्डिंग ऐकलं तर मागे पाण्याच्या मोटारीची घरघर. पुन्हा करतो. एकच विचारायचं होतं, म्हातारा काढताना घसा खवखवतो. चुकतोय का?

ठाकुर्ली_स्लो
चुकतोयस. म्हातारा घशातून काढू नकोस, श्वासातून काढ. वाक्य अर्धं झालं की दम संपव. मोटार बंद झाल्यावर रेकॉर्ड करून मला खासगी निरोपात पाठव, ऐकते.